वाचकांचे प्रश्न : मोजक्या पैशांत गेमिंगचा संगणक

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मोबाइल आणि प्रिंटर यांविषयी विचारणारे वाचक या दिवसांत दुकानदारांची कोटेशने पाठवून ‘यातले कोणते घ्यावे’ असे विचारू लागतात. यंदाच्या पत्रांतून पाच निवडली आहेत. भाव आठवड्याला बदलत असल्यामुळे उत्तरांतील रकमा नेमक्या किमती म्हणून न वाचता, कशावर किती खर्च करावा याचा अंदाज म्हणून वाचाव्यात.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीला जाणार असून त्याला गेमिंगसाठी संगणक हवा आहे. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘जीटीए ५’ तो मित्राकडे खेळतो. ‘सायबरपंक २०७७’ खेळण्याची त्याची इच्छा आहे. मॉनिटरसह ७० हजार रुपयांच्या पलीकडे मी जाऊ शकत नाही. कीबोर्ड व माउस घरी आहेत. पहिल्या दुकानाच्या कोटेशनमध्ये कोअर आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि साधा मॉनिटर आहे. दुसऱ्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबीची एक रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे. रक्कम जवळजवळ सारखीच आहे. आय७ वरच्या दर्जाचा असतो एवढेच मला ठाऊक आहे. काय करावे? — एक पालक, सातारा

उत्तर : दुसरे कोटेशन घ्यावे, मात्र त्यात दोन दुरुस्त्या करून घ्याव्यात. त्या कोणत्या, हे ओघात सांगतो. आधी पहिले कोटेशन का नको ते पाहू.

गेमिंगच्या संगणकाचा हिशेब पडद्यापासून मागे करत यावा लागतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात आणि ग्राफिक्स कार्डाला ते प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे खेळातील प्रत्येक चित्रासाठी, नव्याने रंगवावे लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी त्याच्या हाती १६.७ मिलिसेकंद असतात आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. पडदा ४के घेतला तर ठिपके चौपट, म्हणजे ८३ लाखांच्या घरात जातात आणि त्यांना पुरे पडणारे कार्डच तुमच्या सगळ्या पैशांचा घास घेते. म्हणून ७० हजारांत १०८० चा, १४४ हर्ट्झचा आणि शक्यतो आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणाऱ्या) पॅनेलचा मॉनिटर हे पहिले ठरवावे आणि बाकी सगळे त्याच्या मापाने घ्यावे. तुमच्या मुलाच्या यादीतील ‘व्हॅलोरंट’ हा हलका खेळ आहे. तो अशा पडद्याची पूर्ण गती सहज वापरील. ‘सायबरपंक’ जड आहे. आरएक्स ६६०० वर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून खरी वाटणारी छाया-प्रतिबिंबे दाखवणारी जड सोय) बंद ठेवून मध्यम ते उच्च सेटिंगला तो ६० च्या आसपास चालेल आणि अशा खेळाला तेवढे पुष्कळ झाले.

आता आय७ विषयी. ‘कोअर आय७’ हे अर्धेच नाव आहे. त्यापुढचा आकडा कोटेशनमध्ये लिहिलेला नाही आणि खरी माहिती त्या आकड्यातच असते. २०११ मध्ये आलेला आय७-२६०० हाही आय७च आणि २०२२ मध्ये आलेला आय७-१२७०० हाही आय७च. दोघांत अकरा वर्षांचे अंतर आहे. तुमच्या दुकानदाराने नवाच दिला असेल असे धरले तरी पैसा चुकीच्या जागी पडतो, कारण खेळताना प्रोसेसर प्रत्येक फ्रेमची तयारी करून देतो आणि रंगवण्याचे मोठे काम कार्ड करते. कार्ड दमलेले असताना प्रोसेसर कितीही तगडा असला तरी तो हात बांधून उभा राहतो. सहा कोअर (काम करणारे गाभे) आणि बारा थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ आरएक्स ६६०० च्या वर्गातील कार्डाला पुरून उरतो. आय७ वर अधिकचे जे दहा-बारा हजार जातील ते कार्डातून आणि मॉनिटरमधून कापलेले असतात. पहिल्या कोटेशनमध्ये नेमके तेच झाले आहे.

आरटीएक्स ३०५० हेही अर्धे नाव आहे. या नावाने दोन वेगळी कार्डे बाजारात आहेत. २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर, १२८ बिटची मेमरी आणि १३० वॉटची खपत आहे. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर, ९६ बिटची मेमरी आणि ७० वॉटची खपत आहे. खोक्यावर नाव तेच आणि रंगही तोच असतो, म्हणून ग्राहक दोन जीबीचा फरक किरकोळ समजतो. प्रत्यक्षात ६ जीबीचे कार्ड हे खालच्या वर्गातील निराळे कार्ड आहे. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी मेमरी आहे, ते १३२ वॉट घेते आणि साध्या खेळण्यात दोन्ही ३०५० च्या स्पष्टपणे पुढे राहते.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. तुमचा मुलगा संगणक शाखेत जाऊन कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग घरच्या यंत्रावर करणार असेल, किंवा ब्लेंडरमध्ये त्रिमितीय काम करणार असेल, तर त्या क्षेत्रातील बरीचशी साधने आरटीएक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीवर उभी आहेत आणि तिथे एएमडीच्या, म्हणजे आरएक्स, कार्डाला खटपट फार करावी लागते. तसे असेल तर ३०५० कडे न वळता, सहा-आठ हजार वाढवता येत असल्यास आरटीएक्स ४०६० घ्यावे. त्यात ८ जीबी मेमरी आहे, ते ११५ वॉटच घेते आणि गेमिंगमध्येही आरएक्स ६६०० पेक्षा सरस आहे. शाखा यंत्र किंवा स्थापत्य असेल आणि खेळ हाच मुख्य हेतू असेल तर वाढवू नये.

प्रोसेसर घेताना ५६०० च्या मागेपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. ५५०० स्वस्त मिळतो, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि कार्डाशी बोलणारी पीसीआयई वाहिनी चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीची आहे. मदरबोर्ड बी५५० चा मिळाला तर उत्तम. बी४५० किंवा ए५२० चाही चालेल, फक्त बी४५० च्या जुन्या मालावर बायोस (संगणक चालू होताना आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) अद्ययावत केले आहे ना, हे दुकानातच चालू करून पाहावे, नाहीतर घरी आणल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. आता एक उणे. हे सगळे एएम४ या सॉकेटवर (बोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर) बसते आणि एएमडीने २०२२ मध्ये एएम५ आणल्यापासून एएम४ ही शेवटाकडे आलेली वाट आहे. पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर याच पिढीतील आठ कोअरचा घेता येईल, त्याहून नवा नाही. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो. ७० हजारांत तो फरक भरून काढायला कार्डच कापावे लागेल, म्हणून मी हे उणे पत्करतो.

रॅमच्या बाबतीत यंदा वेळ वाईट आहे. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपांचे भाव झपाट्याने चढले आणि रॅमबरोबर एसएसडीही (फायली व खेळ साठवणारी ड्राइव्ह) महागली. ३२ जीबीचा मोह सोडून १६ वर थांबावे. पण तुमच्या कोटेशनमध्ये ‘१६ जीबीची एक’ असे आहे आणि ही पहिली दुरुस्ती : आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रोसेसर मेमरीशी दोन वाहिन्यांनी बोलू शकतो. एकच पट्टी लावली तर एक वाहिनी मोकळी राहते आणि खेळ मधूनच अडखळतो. चार खाचा असतील तर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात.

दुसरी दुरुस्ती एसएमपीएसची आणि तिच्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या भागावर ग्राहक सर्वांत आधी काटकसर करतो आणि मीही एके काळी केली आहे. दीड हजार वाचवण्यासाठी खोक्यावर ठळक ४५० वॉट छापलेला एक एसएमपीएस मी घेतला होता. टायपिंग करताना, चित्रपट पाहताना संगणक उत्तम चाले. खेळ सुरू केला की दहा मिनिटांनी पटकन बंद पडे, जणू कोणी मागून वायर ओढली. मी रॅम बदलून पाहिली, विंडोज पुन्हा टाकले, दोन रविवार घालवले. शेवटी कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या अंगावरची पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचली. त्यावर वेगवेगळ्या व्होल्टेजचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली ॲम्पिअर लिहिलेले असतात. १२ व्होल्टच्या रकान्याखाली १६ ॲम्पिअर होते. गुणाकार केला : १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. खोक्यावरच्या ४५० मधले उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले होते, जिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नसतो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ ॲम्पिअरच्या जवळपासचा आकडा दिसतो, म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती कामाच्या ठिकाणी असते. तेव्हा दुकानदाराकडून ‘५५० वॉट’ असे न लिहून घेता कंपनी आणि मॉडेलचे नाव लिहून घ्यावे आणि पट्टी स्वतः वाचावी. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत किती ते सांगतो, जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास यंत्र वाचवण्याची व्यवस्था आत आहे का, हे तो सांगत नाही. म्हणून वॉरंटी पाच वर्षांची असलेला मिळाल्यास तो घ्यावा, कारण कंपनीला स्वतःच्या मालाची खात्री आहे याची ती बरी खूण असते. तुमचे संपूर्ण यंत्र खेळताना अडीचशे वॉटच्या आसपास घेईल. ५५० पुष्कळ आहे.

एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, ५०० जीबी किंवा एक टीबी, जे जमेल ते. कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. सरसकट काचेची, आतून दिवे लुकलुकणारी कॅबिनेटे दिसतात छान, पण हवा आत घेण्याची जागाच नसेल तर मे महिन्यात आतल्या पंख्यांचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येतो.

माझे वाटप साधारण असे राहील : कार्डावर बावीस हजार, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून सोळा, रॅम आणि एसएसडी मिळून पंधरा, मॉनिटर नऊ, एसएमपीएस साडेचार, कॅबिनेट तीन. शेवटचे पाचशे वायरी आणि रिक्षा यांसाठी धरावेत. यावर १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की वेगळा लागणार, हे कोटेशनवरच विचारून घ्यावे. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ हे ऐकू येईलच, पण वॉरंटीचा दावा करताना पक्के बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर हेच कामी येतात. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणजे कोणते विंडोज, तेही विचारावे.

प्रश्न : समाजमाध्यमावर एक जाहिरात पाहिली : ‘गेमिंग पीसी, आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, फक्त १७ हजार, एक वर्षाची वॉरंटी.’ वसतिगृहात राहतो, यापेक्षा जास्त पैसे नाहीत. घ्यावा का? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : घेऊ नये. या भावात जो आय७ येतो तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ सालचा असतो. परदेशी कार्यालयांतून निघालेले हे प्रोसेसर टोपलीने येतात आणि त्यांच्यासाठी एच६१ या जुन्या प्रकारचे नवे बोर्ड अजूनही बनवले जातात. बोर्ड नवा, कॅबिनेट नवे, दिवे नवे आणि मधोमध एक तपाहून जुना प्रोसेसर, असा तो संसार असतो. २०२२ मध्ये आलेला चार कोअरचा साधा आय३-१२१००एफ खेळांत त्या आय७ ला सहज मागे टाकतो.

४ जीबीच्या कार्डाविषयी विचारले तर बहुतेक वेळा जीटी ७३० हे उत्तर येईल. ते २०१४ चे आहे आणि तेव्हाही ते खेळांसाठी नव्हते. पडदा जोडायला एक कार्ड हवे म्हणून ते लोक घेत. त्यावर डीडीआर३ ची ४ जीबी मेमरी चिकटवल्याने ते धावू लागत नाही, जसे अरुंद तोंडाच्या मोठ्या रांजणातून पाणी लवकर निघत नाही. जीबी म्हणजे साठवण. काम करणारे कोअर आणि मेमरीचा वेग या गोष्टी वेगळ्या असतात.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागते आणि विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम व सिक्युअर बूट (संगणक खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच चालू होऊ देणारी सोय) या दोन्ही गोष्टी चालू असाव्या लागतात. वाकड्या वाटेने विंडोज ११ टाकून दिले तरी खेळ दारातच अडेल.

१७ हजारांत करण्यासारखे एक आहे. आठव्या पिढीचा आय५ असलेला, कार्यालयातून निघालेला ब्रँडेड संगणक ओळखीच्या दुकानातून घ्यावा आणि तो उभ्या पूर्ण आकाराच्या कॅबिनेटचा असावा. चपट्या, पाटीसारख्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. ब्रँडेड यंत्रांच्या एसएमपीएसचे जोड पुष्कळदा त्या कंपनीच्याच पद्धतीचे असतात, त्यामुळे पुढे एसएमपीएस बदलणे अवघड जाते. म्हणून वेगळी वीजजोडणी न मागता खाचेतूनच ७५ वॉटमध्ये भागवणारे जीटीएक्स १६५० सारखे कार्ड पैसे जमल्यावर टाकता येईल. तोवर ‘व्हॅलोरंट’ कमी सेटिंगवर त्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवरही चालते. रॅम मात्र दोन पट्ट्यांची मागून घ्यावी.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आय५-१२४००, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर असा संगणक जोडून घेतला. खेळ जेमतेम चालतात आणि मॉनिटरमध्ये जुन्यापेक्षा काहीच फरक जाणवत नाही. दुकानदार म्हणतो, कार्ड बदलून घ्या, मोठे टाका. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कार्ड बदलण्यापूर्वी खुर्चीवरून उठून संगणकाच्या मागे जावे. मॉनिटरची वायर कोठे लावली आहे ते पाहावे. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांजवळ एक एचडीएमआय असते; ती मदरबोर्डची. त्याखाली आडव्या पट्टीत तीन-चार जोड एका ओळीत दिसतात. ते ग्राफिक्स कार्डाचे. तुमच्या १२४०० पुढे ‘एफ’ नाही, म्हणजे त्याला स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि वायर वर लावली तरी पडद्यावर चित्र येते. तुम्ही खेळत असताना आरटीएक्स ४०६० आत स्वस्थ बसलेले असण्याची बरीच शक्यता आहे. वायर खालच्या जोडात लावावी आणि जमल्यास एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची वापरावी.

मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट १६५ निवडावा. तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो आणि लोक वर्षानुवर्षे १६५ च्या मॉनिटरवर ६० पाहत बसतात. एवढे करूनही गती वाढली नाही, तर चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जावे आणि एक्सएमपी चालू आहे का ते पाहावे. ३२०० ची रॅम ते चालू केल्याशिवाय २१३३, २४०० किंवा २६६६ वर धावते. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर मेमरीचा वेग आणि किती खाचा वापरल्या आहेत तेही दिसते. तिथे ‘४ पैकी १’ असे दिसले तर वर साताऱ्याच्या वाचकांना सांगितले तेच तुम्हालाही लागू आहे. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतील आणि खर्च झालाच तर एका वायरीचा.

प्रश्न : ओळखीतील एकाकडून आरएक्स ५८० आणि आरटीएक्स २०६० सुपर अशी दोन वापरलेली कार्डे मिळत आहेत. पहिले फार स्वस्त आहे. वापरलेले कार्ड घेणे योग्य आहे का आणि तपासावे कसे? — एक वाचक, पुणे

उत्तर : नीट तपासून घेतले तर योग्य आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करण्याचा, म्हणजे आकडेमोड करून ते चलन कमावण्याचा, धंदा एका दिवसात बसला. तोवर रात्रंदिवस राबवलेली कार्डे त्यानंतर जगभरच्या बाजारांत ओतली गेली आणि ती हातोहात फिरत अजून येतात. मायनिंगला वापरलेले कार्ड म्हणजे मेलेलेच, असे मी मानत नाही, कारण सारख्या तापमानात चालवलेली चिप पुष्कळदा टिकते. जातात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि सर्वांत जास्त झिजते ती मेमरी.

आरएक्स ५८० च्या बाबतीत मात्र आधी ते खरे आहे का ते पाहावे. २०१७ च्या मूळ कार्डात २३०४ कोअर होते. पुढे २०४८ कोअरचे एक कार्ड त्याच नावाने निघाले आणि ते इकडेही भरपूर आले. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडला की ‘शेडर्स’पुढे हा आकडा दिसतो. पण मुळात मी हे कार्ड घेणारच नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळापासून रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नसेल तर सुरूच न होणारे खेळ निघू लागले आहेत. २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ही त्यातलाच. आरएक्स ५८० मध्ये ते हार्डवेअर नाही, आरटीएक्स २०६० सुपरमध्ये आहे. स्वस्त कार्ड दोन वर्षांनी पुन्हा बदलावे लागले तर स्वस्त कसले?

तपासताना कार्ड विकणाऱ्याच्या यंत्रात लावलेले असतानाच पाहावे. काढून पिशवीत ठेवलेले पाहून पैसे देऊ नयेत. एखादा जड खेळ किंवा चाचणीचा प्रोग्रॅम अर्धा तास चालवावा आणि तापमानाचा आकडा चढून एका जागी स्थिरावतो का, ते पाहावे. सतत चढत राहिला तर पेस्ट किंवा पंखा गेला आहे. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे किंवा त्रिकोण चमकले तर मेमरी जात आहे. तिथे भाव करत बसू नये, उठून यावे. पंखा बोटाने हळूच फिरवून पाहावा, तो घरघरता कामा नये. मागच्या चार स्क्रूंची खाच झिजलेली असेल तर कार्ड उघडले गेले आहे. का उघडले, ते विचारावे. ‘पेस्ट बदलली’ हे उत्तर चांगले आहे, ‘माहीत नाही’ हे नाही. मूळ बिल असेल तर तेही मागावे, कारण काही कंपन्यांची वॉरंटी सिरियल नंबरवर चालते.

प्रश्न : आमच्या गावात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. गेमिंगच्या संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का? शिवाय कॅबिनेटला मागून हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, असे होतेच. — एक वाचक, देवगड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आज संध्याकाळी करण्याचे काम आहे. ‘असे होतेच’ हे खरे आहे, पण अर्थिंग नसेल तिथेच होते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील खरखर गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोघांनाही लोखंडी कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग चांगले असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. ते नसेल तर कॅबिनेटवर निम्म्या दाबाची, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टची वीज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे झिणझिण्यांवरच भागते, पण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर ती वीज वाहून न्यायला कोणीच नसेल, आणि यूएसबीतून जोडलेल्या वस्तू जातात त्या निराळ्या. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, हा माझ्या घरचाही अनुभव आहे. वायरमनला बोलावून खड्डा आणि त्याची जोडणी तपासून घ्यावी आणि संगणकाच्या बोर्डवरच्या तिसऱ्या, जाड भोकापर्यंत अर्थिंगची तार खरोखर पोहोचते का तेही पाहायला सांगावे. पुष्कळ जुन्या घरांत ती भिंतीतच संपलेली असते. तोवर अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावू नये.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. तुमच्या कार्डाचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या वर्गातील यंत्र मॉनिटरसह पावणेतीनशे वॉटपर्यंत जाते, म्हणजे कागदावर तो पुरतो. पण त्याच्या आत ७ ॲम्पिअर-तासांच्या आसपासची एकच छोटी बॅटरी असते आणि एवढ्या भाराखाली ती दोन-चार मिनिटेच टिकते. वर्षभर उकाड्यात काढलेली बॅटरी तेवढेही देत नाही. खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरता वेळ हवा असेल तर १००० व्हीएचा घ्यावा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज लहरीच्या आकाराप्रमाणे ओढणारी रचना) असते आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो ती काही एसएमपीएसना मानवत नाही. वीज गेल्या क्षणी यूपीएस टीटी करतो आणि संगणक तरीही बंद पडतो. म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराशी परत करण्याचे बोलून ठेवावे आणि घरी आणल्या दिवशी खेळ चालू असतानाच मुख्य बटण बंद करून पाहावे. घरात शुद्ध साइन वेव्हचा (गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर आधीच असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवून आधी त्यावरच प्रयोग करावा. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते आणि वेगळ्या यूपीएसचे पैसे अर्थिंगच्या नव्या खड्ड्याला लावता येतात.